मामाजी आणि काकडीचा रोग

माझ्या सासऱ्यांनी मागावर विणलेलं शेवटचं कापड काकडीच्या रोपांसाठी होतं.

ते उमरेडचे. जन्मभर हातमागावर बसलेले. त्यांच्या लुगड्यांच्या काठांना बाजारात मान होता. पण सत्तरच्या दशकात यंत्रमागाचं स्वस्त कापड येऊन पडलं, व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि एका दिवाळीनंतर मामाजींनी आपला माग पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत ठेवला आणि आत्याबाईंना घेऊन नागपूरला आमच्याकडे राहायला आले. मामाजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सुना तसंच म्हणायच्या. माझे यजमान सदर भागातल्या एका कचेरीत कारकून होते. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, पण मागे आंगण मात्र ऐसपैस.

मामाजींना शहरात करमेना. शेजाऱ्यांशी बोलून बोलून किती बोलणार? सकाळी आंगणातल्या पायरीवर बसायचे आणि तळहातावर चुना टाकून तंबाखू मळायचे. हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती त्या माणसाला. कोणाची खाट सैल दिसली की आवळून द्यायचे, सूप उसवलं की शिवायचे. ती कामं संपली की पुन्हा तंबाखूची डबी.

मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. बी.एस्सी. होताच लग्न झालं होतं आणि पुढे शीक असा हट्ट यजमानांचाच. विषय आमच्या सरांनी दिला. काकडी, डांगर, कोहळं या वेलांवर एक रोग पडतो. पानांवर गडद-फिक्या हिरव्या रंगाचे चट्टे उठतात, पान फोड आल्यासारखं फुगतं, मग आकसतं, आणि फळ वेडंवाकडं होतं. रोग विषाणूचा, एवढं नक्की. पण असे विषाणू अनेक. आपल्या भागातल्या वेलांवर त्यातला कोणता आहे, हे मला ओळखून काढायचं होतं.

रोगट पानं आणायची होती मौद्याहून. हिवाळ्यात कन्हान नदी उतरली की तिथल्या रेतीत डांगरवाड्या लागायच्या. डांगर म्हणजे खरबूज. सर येणार होते, त्यांचं ऐनवेळी रद्द झालं. यजमानांना सुट्टी मिळेना. आत्याबाई म्हणाल्या, "एकटी बाईमाणूस नदीत कुठी फिरन?" त्यावर पायरीवरून आवाज आला, "मी जातो तिच्यासंग. मले कोणतं काम हाय?"

एस.टी.तून उतरून आम्ही नदीपात्रात गेलो. रेतीत खड्डे करून, त्यात खत घालून लावलेले वेल लांबवर पसरले होते. एका वाडीत माझ्या आईच्या वयाची एक बाई वेलांचे शेंडे खुडत होती. मी पिशवी उघडून पानांकडे वाकले, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोठचे हां तुमी? सरकारचे काय? वाडी उपटाले आले असान त आताच सांगून द्या."

"नाही वं बाई," मामाजी म्हणाले. "कॉलेजातून आलो. हे माही सून हाय. तुह्या वेलाले काय झालं ते पाहून राहिली."

"नजर लागली, दुसरं काय होईन? मागच्या सालीही अशीच लागली." पण ती सैल झाली. तिनेच मग रोगट वेल दाखवत आम्हाला वाडीभर फिरवलं. माझी पिशवी भरली तेव्हा तिने मामाजींच्या हातात दोन कोवळ्या काकड्या ठेवल्या. त्यांनी त्या धोतराला पुसून तिथेच रेतीत बसून खाल्ल्या.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ पिशवीकडे बघत होते.

"त्या पानात हाय काय?"

"विषाणू आहे, मामाजी."

"तुह्या कॉलेजातल्या यंत्रातून दिसते का?"

"नाही. आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, इतका लहान."

"मंग तुले समजन कसं, का हाच हाय, दुसरा नाही?"

मी सांगितलं. रोगट पानाचा रस काढायचा आणि वेगवेगळ्या झाडांच्या पानांवर चोळायचा. चवळी, चाकवताच्या जातीचं एक झाड, तंबाखूच्या जातीचं एक रानटी झाड. एका विषाणूने चवळीवर ठिपके उठतात, दुसऱ्याने त्या रानतंबाखूवर, तिसरा काकडीच्या कुळाबाहेर फारसा कुठे जातच नाही. कोणत्या झाडावर काय उमटलं, ते जुळवून ओळख पटवायची.

मामाजींनी विचार केला. "म्हणजे चोर कोणी पाहिला नाही. पण कोणाच्या घरचं काय गेलं, ते इचारत जाचं."

"हो, तसंच."

"हे मले समजलं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझा प्रयोग हा आमच्या घरचा प्रयोग झाला.

पहिली अडचण आली ती माव्याची. कॉलेजच्या काचघरात जागा थोडी आणि मुलं पुष्कळ. माझ्या कुंड्यांना लागून दुसऱ्या एकाची चवळी होती, तिच्यावर मावा मातलेला. हे बारके किडे एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि रोगही नेतात. मी रस चोळायच्या आधीच माझी काकडीची रोपं चट्ट्यांनी भरली. सर म्हणाले, "किड्यांपासून बंद असा पिंजरा नसेल तर तुझ्या निकालाला काही अर्थ नाही." मी बाजारातून मच्छरदाणी आणली. मावा तिच्यातून आरामात आत शिरला. मग जाड मलमल लावून पाहिली, तर आत रोपं कोंदटून पिवळी पडली.

मी रडकुंडीला आलेली पाहून मामाजींनी एक मेलेला मावा कागदावर मागून घेतला. माझ्या भिंगातून त्याला उलटसुलट पाहिलं. नंतर मच्छरदाणीचं भोक पाहिलं, मलमलीचं पाहिलं.

"याच्या अंगापेक्षा भोक जरासं लहान पाहिजे. हवा जाईन, उजेड जाईन, हा पठ्ठ्या जाणार नाही. असं कापड बाजारात कोण ठेवन? असं कापड नेसते कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उमरेडच्या गाडीत बसले. पुतण्याच्या मागच्या खोलीत माग पुन्हा उभा केला. घरात उरलेलं बारीक सूत त्यांनी ताण्याला लावलं. कापड घेऊन परत आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि चेहरा मात्र नव्या नवरदेवासारखा. कापड झिरझिरीत, पण भोकं सगळीकडे सारखी. आत्याबाईंनी ते बांबूच्या चौकटीवर शिवून दिलं. कॉलेजात जागा नव्हतीच, म्हणून पिंजरा आमच्या आंगणात भिंतीच्या आडोशाला उभा राहिला. सर तो बघायला घरी आले, चहा घेतला, कापडावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "काकाजी, हे तर फार झकास काम झालं."

"झाडाचं आंगडं आहे, साहेब," मामाजी म्हणाले. साहेबांशी बोलताना ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत.

रोपं निरोगी वाढली. मी पानांवर एक बारीक खरखरीत पूड भुरभुरायची, म्हणजे पानाला दिसणार नाहीत असे ओरखडे पडतात, आणि वरून रोगट पानाचा रस बोटाने हळूच चोळायची. दिवसभर मला कॉलेजात असावं लागे, म्हणून पाणी घालायचं काम मामाजींनी घेतलं. छोट्या लोट्याने पाणी घालायचे, वाळलेलं पान काढायचे. पोराच्या गालाला हात लावावा तसा एकेका पानाला हात लावायचे. मी हे रोज बघत होते आणि मला ते फार गोड वाटत होतं.

काही दिवसांनी रानतंबाखूच्या पानांवर ठिपके उमटले. गोल, करडे, सुबक. मी पान घेऊन सरांकडे पळत गेले. ठिपक्यांवरून तो तंबाखूवर नेहमी आढळणारा विषाणू वाटत होता. काकडीवर तंबाखूचा विषाणू! सरांचे डोळे चमकले, पण ते जुने, मुरलेले शिक्षक होते.

"निरोगी काकडीचा रस चोळलेली झाडं बघितलीस?"

मी बघितली नव्हती. घरी जाऊन बघितली. त्यांच्यावरही तेच ठिपके. नुसतं पाणी चोळलेल्या झाडांवरही तेच. म्हणजे विषाणू काकडीतून आलाच नव्हता.

सरांनी ऐकून घेतलं, थोडं हसले. "तुझ्या घरी विडी कोण ओढतं? किंवा तंबाखू कोण खातं?"

मला पायरी दिसली, डबी दिसली, तो मळणारा अंगठा दिसला. तंबाखूचा विषाणू वाळलेल्या पानातही कित्येक वर्षं टिकून राहतो आणि हाताला लागून झाडावर जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पाठही केलेलं होतं.

आता हे सांगायचं कोणी? सून सासऱ्याशी तंबाखूचा विषय काढणार कशी? मी यजमानांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते घाबरलेच. "मी बाबाले सांगू? त्याहिच्यासमोर मी अजून खुर्चीवर टेकून बसत नाही." शेवटी चुलीपाशी माझ्या तोंडून आत्याबाईंसमोर निघून गेलं. त्या तशाच हातातली पोळी तव्यावर ठेवून आंगणात गेल्या.

"ऐकता का जी? लग्न झालं तवापासून मी सांगून राहिली, तंबाखू सोडा. माहं कोणी आयकलं नाही. आता झाडं सांगून राहिले!"

मामाजींना आधी समजलं नाही. मग मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी आपले हात उलटे केले, सरळ केले, बघितले.

त्या दिवसापासून ते पिंजऱ्याकडे गेलेच नाहीत. पायरीही सोडली, पुढच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. जेवणावरून लवकर उठायचे. एका सकाळी मी बघते तर त्यांनी पिशवी भरून ठेवलेली.

"मी उमरेडले जातो काही दिवस."

"काहून?" आत्याबाईंनी विचारलं.

"इथं राहून काय करू? पोरीची सारी मेहनत माह्या हातानं नासली."

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "मामाजी, तुमच्या हाताने नाही, तंबाखूने. आणि तुम्ही पिंजऱ्याकडे यायचं सोडल्यापासून रोपांना पाणी मी घालते, तर निम्मी मेली बघा." हे खरंच होतं. मी कधी घाईत विसरायची, कधी जास्त ओतायची.

मग हळूच म्हणाले, "वाळल्या तंबाखूतही जित्ता राहते म्हनते?"

"हो."

"डबीत साल-साल पडून राहिला तरी?"

"तरी."

"मोठा चिवट दिसते लेकाचा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात त्या विषाणूबद्दल थोडा आदरच आला होता. मी ओळखलं, पिशवी आता परत खुंटीवर जाणार.

उपाय सरांनी सांगितला. साबणाने हात स्वच्छ धुवायचे, आणि झाडाला हात लावण्याआधी दुधात बुडवायचे. दुधाने विषाणूची बाधा करण्याची ताकद जाते. हे मी घरी सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "चहाले दूध पुरत नाही, न हे हात धुतीन दुधानं!" पण दुसऱ्या दिवसापासून साय काढून घेतलेलं दूध वाटीत घेऊन पिंजऱ्याच्या तोंडाशी त्याच उभ्या राहायच्या. मामाजी दोन्ही हात पुढे करत, त्या वरून धार धरत. "असा मान माह्या बापानंही केला नव्हता जावयाचा," त्या म्हणायच्या, आणि मामाजी हसू दाबत पिंजऱ्यात शिरायचे. आमच्या गल्लीतली मांजर तेवढ्या वेळात तिथे येऊन बसायला शिकली.

सगळी जुनी रोपं मी उपटून जाळली, कुंड्या उकळत्या पाण्याने धुतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मौद्याला पुन्हा जाऊन ताजी पानं आणली. तोवर नागपूरचा उन्हाळा सुरू झाला होता. मामाजींनी पिंजऱ्याभोवती गोणपाटं टांगली आणि ती दुपारभर ओली ठेवायचे. आम्ही माणसं घरात घामाने भिजत होतो आणि काकड्या थंडाव्यात होत्या.

या वेळी रानतंबाखू स्वच्छ राहिला. चवळीही स्वच्छ. काकडीची रोपं मात्र एकामागून एक चट्ट्यांनी भरली. मग मी निरोगी रोपांवर मावा सोडून पाहिला, आधी रोगट पानावर बसवून. त्या रोपांना काहीच झालं नाही. म्हणजे हा रोग मावा नेत नव्हता. रस नळीत घालून गरम पाण्यात ठेवला. दुसरे बरेच विषाणू ज्या उष्णतेने निकामी होतात, तिच्यातून हा सुखरूप बाहेर आला. सर कामानिमित्त दिल्लीला निघाले होते, ते पानं बरोबर घेऊन गेले. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत सशाच्या रक्तातून तयार केलेल्या द्रवाने ओळख पटली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटोही निघाला. काकडीवरचाच एक विषाणू, तंबाखूवरच्या त्या चिवट विषाणूचा भाऊबंद. तो पसरतो हाताने, अवजाराने आणि बियातून.

सरांनी तो फोटो आमच्या घरी आणून दाखवला. करड्या रंगावर आखूड, सरळ काड्या विखुरलेल्या. मामाजींनी चष्मा लावला.

"ह्या तर कांड्या हायेत," ते म्हणाले. मागाच्या धोट्यात सूत भरलेली जी कांडी घालतात, तशाच दिसत होत्या खऱ्या. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "हातानं पसरते म्हनते. म्हणजे ते वाडीवाली बाई शेंडे खुडत होती, तिच्याच हातानं?"

"हो. रोगट वेल खुडून तसाच हात चांगल्या वेलाला लावला की झालं."

"तिले कोण सांगन?"

"मीच सांगायला हवं."

"तू नको सांगू," ते म्हणाले. "तुह्या तोंडून तिले दोष दिल्यासारखं वाटन."

पावसाळा गेला, नदी उतरली, वाड्या लावायचे दिवस आले, तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा मौद्याला गेलो. बाई खड्डे करत होती. मामाजी तिच्या बांधावर बसले आणि आपलीच गोष्ट सांगू लागले. सुनेची झाडं, आपला तंबाखू, दुधाने हात धुणं, सगळं. दुधाशी आले तेव्हा ती बाई कुदळ टाकून हसायला लागली. हसता हसता थांबली आणि आपल्या हातांकडे तिनेही बघितलं.

"म्हणजे नजर नाही, भाऊ?"

"नजर नाही. हात. पण हात नाही लावला त पीक येईन कसं? म्हून सांगतो, आधी चांगल्या वेलाचं काम कर, रोगट वेलाले शेवटी हात लाव. त्याले उपटूनच टाकलं त बेस. अन् साबण ठेव जवळ. दूध नको, घरी भांडण होते."

बियांचं मी सांगितलं. रोगट वेलाच्या काकडीचं बी धरायचं नाही. तिने घरून राखेत ठेवलेलं बी आणून दाखवलं. कोणतं कोणत्या वेलाचं, ते तिला आता सांगता येईना. सरांनी दिलेलं तपासलेलं बी मी बरोबर नेलं होतं, ते तिला दिलं. तिने ते पदराला बांधलं, पण आपलं बी फेकायला तिचं मन होईना. मीही आग्रह केला नाही. शेवटी तिने वाडीच्या एका टोकाला आपलं लावलं आणि दुसऱ्या टोकाला आमचं.

त्या साली तिच्या वाडीत रोग गेला असं मी म्हणणार नाही. आमच्या बियाच्या बाजूला पुष्कळ कमी होता, जुन्या बाजूला नेहमीसारखाच. डांगरांवर तर वेगळाच एक विषाणू निघाला, तो मावा नेणारा होता, आणि त्याच्यापुढे साबणाचं काही चालत नव्हतं. पण माझा प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिंजऱ्याच्या कापडाबद्दल विचारलं, तेव्हा मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांनी विणलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मामाजींनी तंबाखू सोडला नाही. काम आटोपलं की खायचे, खाल्ल्यावर कामाला हात लावायचे नाहीत.

वैशाखात एक दिवस दुपारी आमच्या दारात टोपली उतरली. वाडीवाली बाई. बाजारात डांगरं विकायला आली होती, विचारत विचारत आमचं घर शोधून काढलं होतं. त्यातलं सर्वांत मोठं, पिवळंधमक डांगर तिने बाजूला राखलं होतं. मामाजींनी ते कापलं, आणि सगळ्या आंगणात वास सुटला. आत्याबाई आणि ती जेवायला शेजारी बसल्या आणि जेवण आटोपलं तरी उठेचनात. तिच्या सुनेचं, आत्याबाईंच्या मोठ्या नणंदेचं, मासळीच्या भावाचं, कशाकशाचं बोलत राहिल्या. मौद्याची गाडी निघून गेली. आत्याबाई म्हणाल्या, "गेली त गेली वं. सकाळी जाजो."

ती राहिली. सकाळी मामाजी तिची रिकामी टोपली हातात घेऊन तिला बसस्टँडवर सोडायला गेले, आणि खिडकीजवळची जागा धरून देऊनच परतले.